हाती तलवार, मुखी मंत्र : फाशांच्या एका खेळाचे नियम





गेल्या सत्रापासून आपल्या वाचनालयात दर शनिवारी शाळा सुटल्यावर आठवी ते दहावीची काही मुले-मुली मोठ्या टेबलाभोवती बसून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ खेळतात. कॉम्प्युटर नाही, मोबाईल नाही. कागद, पेन्सिल, खोडरबर आणि चित्रविचित्र आकाराचे फासे, एवढेच साहित्य. या खेळाबद्दल काही पालकांनी शाळेकडे लेखी हरकत घेतली आहे. मुले 'मंत्र टाकतो', 'तलवारीने मारतो' असे बोलतात, घरी आल्यावरही तेच चालते, हे शाळेत कशाला, असे त्यांचे म्हणणे. एका पालकांनी नेमके उलट पत्र दिले : आमचा मुलगा प्रथमच कुणी न सांगता टक्केवारी काढत बसला होता, खेळ बंद करू नये. विषय विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत आहे. निर्णय मंडळ घेईल. पण ज्याच्यावर निर्णय घ्यायचा ती वस्तू काय आहे हे सर्वांना ठाऊक असावे, म्हणून मी मुलांकडून नियमांच्या छापील प्रती मागून घेतल्या व सुट्टीत वाचून काढल्या. ज्या 'मंत्र' आणि 'तलवार' या दोन शब्दांवर हरकत आहे, त्यांचे या खेळात एकमेकांशी नाते काय, तेवढेच आज सांगतो.

हा खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी प्रसिद्ध केला. दोघेही टेबलावर छोटे सैनिक मांडून लुटुपुटीच्या लढाया खेळणारे. त्यांनी फौजेऐवजी एकेका खेळाडूला एकेक पात्र दिले : कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी देवाचा उपासक. एक जण सूत्रधार. तो प्रसंग सांगतो, इतर जण आपापले पात्र काय करील ते सांगतात, आणि जिथे जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासा टाकतात. बस्स. मुलगा 'मी फायरबॉल टाकतो' असे म्हणतो आणि सहा बाजूंचे आठ फासे खुळखुळवतो. कोणताही मंत्र प्रत्यक्ष म्हटला जात नाही, तसा मजकूरच पुस्तकात नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेतही काही पालकांनी या खेळावर काळ्या जादूचा आरोप केला होता, त्यामुळे आपल्या पालकांची शंका जगावेगळी आहे असे नव्हे. पण पुस्तक उघडले की दिसते ते हिशेबाचे पुस्तक.

आता मूळ मुद्दा. तलवार मारायची असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपल्या पात्राचे बळ व सराव यांचे गुण मिळवायचे, आणि बेरीज शत्रूच्या चिलखताच्या अंकाइतकी किंवा जास्त आली तर वार लागला. लागल्यावर किती इजा, ते दुसरा फासा ठरवतो. साध्या लांब तलवारीला आठ बाजूंचा, कट्यारीला चार बाजूंचा. मंत्राचे तसे नाही. काही मंत्रांना तलवारीसारखाच फासा टाकावा लागतो. पण पुष्कळ मंत्रांत टाकणारा फासा टाकतच नाही; ज्याच्यावर मंत्र पडला त्याने बचावाचा फासा टाकायचा. 'मॅजिक मिसाईल' नावाचा मंत्र तर फासा न टाकता लागतोच लागतो, मात्र त्याच्या तीन बाणांची इजा थोडीथोडीच. म्हणजे तलवारीपुढे चिलखत उभे असते आणि मंत्रापुढे कधी चपळता, कधी मनाचे बळ. लोखंडात बांधलेल्या सरदाराला तलवार लागत नाही म्हणून जादूगार त्याच्या मनावर मंत्र टाकतो. मुले याला 'कच्ची बाजू शोधणे' म्हणतात.

प्रत्येक नव्या खेळाडूचा पहिला प्रश्न असा : मंत्राने एका क्षणात आठ फाशांची आग पडते आणि तलवारीने एक फासा, मग योद्धा कोण होईल? नववीच्या मुलांनी फळ्यावर केलेला हिशेब मी तपासला आहे, तो देतो. पाचव्या पातळीचा योद्धा एका फेरीत दोन वार करतो. त्याचे मिळवायचे गुण ७ आणि शत्रूच्या चिलखताचा अंक १५ धरा. फाशावर ८ किंवा जास्त हवेत, म्हणजे २० पैकी १३ वेळा, ६५ टक्के. प्रत्येक वाराची सरासरी इजा ८.५ (आठ बाजूंच्या फाशाची सरासरी ४.५ आणि बळाचे ४). फाशावर २० पडले तर इजेचा फासा दुप्पट, तेही धरून एका फेरीची सरासरी ११.५ येते. त्याच पातळीचा जादूगार फायरबॉल टाकतो तेव्हा आठ फाशांची सरासरी २८. बचाव साधला तर निम्मी इजा. शत्रूला बचावाची शक्यता ४० टक्के धरली तर एका शत्रूमागे सुमारे २२.४. आगीचा गोळा वीस फूट त्रिज्येचा, त्यात चार शत्रू सापडले तर जवळजवळ ९०.

एकीकडे ९०, दुसरीकडे ११.५! पण पाचव्या पातळीच्या जादूगाराकडे अशा मोठ्या मंत्रासाठी दोनच जागा असतात. दोन टाकले की विश्रांती घेईपर्यंत संपले. तलवार मात्र संपत नाही. आठ फेऱ्या लढला की योद्ध्याचेही ९२ होतात, आणि खेळातली फेरी सहा सेकंदांची, म्हणजे एका मिनिटाच्या आत. जादूगाराकडे न संपणारे लहान मंत्रही असतात, पण त्यातल्या नेहमीच्या अग्निबाणाची सरासरी याच शत्रूविरुद्ध फेरीला ७.७ येते, योद्ध्यापेक्षा कमी. शिवाय आगीचा गोळा आपला-परका ओळखत नाही. योद्धा मधोमध लढत असेल तर तोही भाजतो. या एका नियमावरून वाचनालयात जितकी खलबते झाली तितकी वार्षिक परीक्षेवरून झाली नसतील.

आपल्याकडच्या वाचकाला हे समजायला जड जाऊ नये. शस्त्र आणि अस्त्र हा भेद आपण आजीच्या तोंडून ऐकला आहे. शस्त्र हातात धरून चालवायचे, अस्त्र मंत्राने सोडायचे. कर्णाला इंद्राने दिलेली अमोघ शक्ती एकदाच वापरता येणार होती. ती त्याने अर्जुनासाठी राखून ठेवली आणि चौदाव्या दिवसाच्या रात्री घटोत्कचावर खर्च करावी लागली. दोनच मोठे मंत्र असणारा जादूगार रोज याच पेचात असतो : आता टाकू की पुढच्या दाराआड याहून मोठे काही आहे? गायगॅक्स यांनी मात्र ही कल्पना अमेरिकन लेखक जॅक व्हान्स यांच्या 'द डाइंग अर्थ' (१९५०) या पुस्तकावरून घेतली. तिथले जादूगार मंत्र डोक्यात भरून घेतात आणि एकदा वापरला की तो मनातून पुसला जातो. खेळाच्या पहिल्या आवृत्त्यांत अगदी तसेच होते, पुढे नियम सैल झाले, तरी मर्यादित जागांचा हिशेब राहिला.

आता हातांचा प्रश्न, ज्यावरून आपल्या मुलांत प्रत्यक्ष भांडण झाले. प्रत्येक मंत्रापुढे पुस्तकात लिहिलेले असते की त्याला काय काय लागते : उच्चार, हाताची मुद्रा, एखादी वस्तू, कधी एक, कधी तिन्ही. उच्चार लागत असेल तर तोंड मोकळे हवे. मुद्रा लागत असेल तर निदान एक हात मोकळा हवा. वस्तूसाठीही हात मोकळा हवा, पण मुद्रेचा आणि वस्तूचा हात एकच चालतो. या वस्तू कमरेच्या पिशवीत असतात. (माझे शिक्षण हिंदी माध्यमातले. हे वाचताना मला देवकीनंदन खत्रींच्या 'चंद्रकांता'तील ऐयार आठवले. त्यांच्या बटव्यात बेशुद्ध माणसाला शुद्धीवर आणणारा लखलखा असायचा. १८८८ सालची कादंबरी, आणि कमरेची पिशवी तीच!)

झाले असे की नववीतल्या एका मुलीचे पात्र उपासक होते : एका हातात गदा, दुसऱ्या हातात ढाल. तिचा साथीदार घायाळ होऊन पडला. तिने 'क्युअर वूंड्स' हा जखम भरण्याचा मंत्र टाकते म्हटले. समोरच्या मुलाने हरकत घेतली की तुझे दोन्ही हात गुंतलेले आहेत. ती म्हणाली, मागच्या फेरीत मी 'ब्लेस' टाकला तेव्हा तू गप्प होतास. दोघेही पुस्तक घेऊन माझ्या कार्यालयात आले, आणि पुस्तकाप्रमाणे दोघांचेही बरोबर निघाले. गंमत अशी की उपासकाचे पवित्र चिन्ह ढालीवर कोरलेले चालते आणि ते चिन्ह वस्तूच्या जागी धरले जाते. 'ब्लेस'ला उच्चार, मुद्रा आणि वस्तू तिन्ही लागतात, म्हणून चिन्हाची ढाल धरलेला हातच मुद्राही करू शकतो. 'क्युअर वूंड्स'ला वस्तू लागतच नाही, फक्त उच्चार आणि मुद्रा. मग ढालीच्या हाताला ती सवलत नाही आणि एक हात खरोखर रिकामा हवा. जास्त सामान लागणारा मंत्र जमतो आणि कमी सामान लागणारा अडतो! माझ्या मते नियमातला हा कोपरा शहाणपणाचा नाही, आणि पुष्कळ सूत्रधार तो सोडून देतात असे मुले सांगतात. पण लिहिले आहे ते तसे आहे.

तिला मार्ग दोन होते. एका फेरीत एक वस्तू ठेवणे किंवा काढणे फुकट असते. तिने गदा कमरेला लावावी आणि मंत्र टाकावा. साथीदार उठेल, पण तिची पुढची पाळी येईपर्यंत हातात गदा नसेल, आणि शत्रू तिच्याजवळून निसटू लागला तर त्याच्यावर गदेचा आयता वार करता येणार नाही. दुसरा मार्ग 'हीलिंग वर्ड'. याला फक्त उच्चार लागतो, साठ फुटांवरून टाकता येतो आणि इतका झटपट आहे की त्याच पाळीत गदेचा वारही करता येतो. मात्र पहिल्या मंत्राने आठ बाजूंच्या फाशाइतकी जखम भरते, या मंत्राने चार बाजूंच्या. मोकळ्या हाताची किंमत निम्मा फासा! तिने थोडा विचार करून गदा कमरेला लावली, कारण साथीदाराला लगेच पुन्हा पाडू शकणारा शत्रू शेजारीच उभा होता आणि थोडक्या जिवावर तो टिकला नसता. पुस्तकात उत्तर एका ओळीत सापडले नाही, तीन पाने जुळवून काढावे लागले. व्याकरणाच्या तासाला एवढी चिकाटी दिसली तर आमच्या मराठीच्या बाई पेढे वाटतील.

तलवार आणि मंत्र यांची खरी झुंज मात्र एकाग्रतेच्या नियमात आहे. जे मंत्र काही काळ चालू राहतात त्यातल्या बहुतेकांसाठी टाकणाऱ्याला मन एकाग्र ठेवावे लागते, आणि असा मंत्र एका वेळी एकच. त्याला इजा झाली की त्याने तब्येतीच्या जोरावर बचावाचा फासा टाकायचा. गाठायचा अंक १० किंवा झालेल्या इजेचा निम्मा, यातला जो मोठा तो. आता यातले गणित पाहा. इजा ३ झाली तरी अंक १०, २० झाली तरी १०. २२ पासून पुढे तो ११ होतो. आणि प्रत्येक इजेला वेगळा फासा. म्हणजे जादूगाराची एकाग्रता मोडायला एका प्रचंड घावापेक्षा तीन लहान कट्यारी किंवा तीन बाण जास्त उपयोगाचे! तब्येतीचे गुण २ असलेला जादूगार एका वेळी ६५ टक्के टिकतो, पण तीन वेळा लागोपाठ टिकण्याची शक्यता साडेसत्तावीस टक्क्यांच्या आसपास उरते. ०.६५ चा घन करून पाहावा. सातवीच्या मुलांनाही जमेल.

इतके असले तरी तलवार आणि मंत्र हे शत्रू नव्हेत. 'होल्ड पर्सन' हा मंत्र माणसाला जागच्या जागी खिळवतो. त्याने स्वतः एक थेंबही रक्त निघत नाही. पण खिळलेल्यावर वार करणाऱ्याला वीस बाजूंचे दोन फासे टाकून चांगला तो घेता येतो, आणि पाच फुटांच्या आतून लागलेला प्रत्येक वार दुप्पट फाशांचा ठरतो. वरच्याच योद्ध्याची सरासरी ११.५ वरून २२.८ वर जाते. जादूगाराच्या नावावर इजा शून्य, आणि लढाई त्याने जिंकून दिलेली. तसेच २०१४ च्या नियमांत लांडगामानवाला साध्या लोखंडाची तलवार लागतच नाही, चांदी चढवलेली किंवा मंतरलेली हवी. तेव्हा जादूगार 'मॅजिक वेपन' टाकून मित्राच्या तलवारीला तासभर मंतरून देतो. हाही एकाग्रतेचाच मंत्र, म्हणून मग योद्ध्याने जादूगाराच्या पुढे उभे राहून बाण आपल्या ढालीवर घ्यायचे. आपल्या टेबलावर जी दोन मुले एरवी वर्गात एकमेकांशी बोलत नाहीत, ती या एका कारणाने शेजारी बसतात.

जुने नियम याहून कडक होते. १९७४ च्या पुस्तकात जादूगाराला शस्त्र म्हणून फक्त कट्यार मिळे. टॉल्किनचा गँडाल्फ तलवार चालवतो, मग आमचा का नाही, हा मुलांचा प्रश्न तेव्हापासूनचा असणार. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत एक ऐच्छिक नियम होता तो मला सर्वांत आवडला. प्रत्येक शस्त्राला वेगाचा अंक आणि प्रत्येक मंत्राला वेळेचा अंक. दहा बाजूंच्या फाशात तो मिळवायचा आणि ज्याची बेरीज कमी तो आधी. कट्यारीचा अंक २, लांब तलवारीचा ५, दोन हातांनी पेलायच्या तलवारीचा १०, फायरबॉलचा ३. सर्वांच्या फाशावर ४ पडले तर कट्यारवाला ६ वर, जादूगार ७ वर, मोठ्या तलवारीवाला १४ वर. मंत्र पुरा होण्याआधी वार लागला तर मंत्र वाया. म्हणजे भल्या मोठ्या तलवारीच्या धन्याआधी आग पडायची आणि साध्या कट्यारवाल्यापुढे जादूगार हतबल. खरे वाटते असे गणित, पण दर फेरीला इतक्या बेरजा करून खेळ रेंगाळत असणार. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने ते काढून टाकले आणि दुसरा अडसर आणला : चिलखत घालून मंत्र टाकला तर तो फसण्याची टक्केवारी, चामड्याला १०, साखळीच्या चिलखताला ३०, पूर्ण पोलादाला ३५. शत्रूच्या हाताशी उभे राहून मंत्र टाकला की त्याला फुकटचा एक वारही मिळे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत हे दोन्ही गेले. ज्या चिलखताचा सराव आहे त्यात मंत्र टाकता येतो, सराव नसेल तर मुळीच नाही.

वाद मात्र संपले नाहीत, कारण २०२४ मध्ये पुस्तक पुन्हा सुधारले. धर्मयोद्ध्याची 'डिव्हाइन स्माइट' ही शक्ती पाहा. २०१४ मध्ये वार लागल्यावर मंत्राची जागा खर्चून तो त्यात तेज मिसळत असे. तो मंत्र नव्हता, त्यामुळे उच्चारही लागत नसे आणि एका पाळीत दोन्ही वारांवर ती वापरता येई. २०२४ मध्ये तिला रीतसर मंत्र केले. आता पाळीत एकदाच, आणि उच्चार लागतो, म्हणून 'सायलेन्स' मंत्राने आवाज बंद केलेल्या जागी ती चालत नाही. तलवारीच्या बाजूची गोष्ट मंत्राच्या बाजूला गेली. वर सांगितलेल्या जखम भरण्याच्या दोन्ही मंत्रांचे फासेही २०२४ मध्ये एकाचे दोन झाले आहेत. आपल्या मुलांपैकी काहींकडे एक प्रत आहे, काहींकडे दुसरी. तेव्हा खेळायला बसण्यापूर्वी कोणत्या वर्षाचे नियम ते फळ्यावर लिहावे, असे मी त्यांना सांगितले आहे. सध्या फळ्यावर २०१४ लिहिलेले आहे.

विश्वस्त मंडळींनी खर्चाबद्दल विचारले होते. मूळ नियमांचा सुमारे चारशे पानांचा संच प्रकाशकांनी जानेवारी २०२३ मध्ये सर्वांना मोफत वापरण्याच्या परवान्याखाली खुला केला. मुलांच्या प्रती त्याच्याच आहेत, त्यामुळे छपाईत काही गैर नाही. शाळेने आतापर्यंत कागद आणि फाशांचे दोन संच एवढेच दिले आहे. हरकत घेतलेल्या पालकांनी बैठकीपूर्वीच्या शनिवारी वाचनालयात येऊन तासभर बसावे अशी माझी विनंती आहे. खुर्च्या मांडून ठेवू. ज्यांना फासा टाकून पाहायचा असेल त्यांच्यासाठी मुलांनी तीन पात्रे लिहून ठेवली आहेत : एक योद्धा, एक जादूगार आणि गदा-ढालवाली तीच उपासक.

आपला,
प्राचार्य